सतरा वर्षांनंतरची आठ गाणी

आपल्याकडे गवय्याचं वय वाढलं की त्याचा मान वाढतो. ख्यालगायकीत पन्नाशीला आवाज कुठे मुरायला लागतो. साठीनंतर जाणकार म्हणतात, आता खरं गाणं ऐकायला मिळेल. नांदेडात जन्मलेले पं. नाथराव नेरळकर २०२१ साली गेले तेव्हा पंच्याऐंशी वर्षांचे होते. मराठवाड्यातल्या रसिकांना त्यांचं वय कधी आड आलं नाही, उलट आदर वाढतच गेला.

हार्ड रॉकमध्ये नेमकं उलटं घडतं. हे संगीत विशी-पंचविशीतल्या पोरांनी जन्माला घातलं आणि ते त्याच वयाचं मानलं गेलं. तारसप्तकात घसा ताणून गायचं, दोन-दोन तास ड्रम बडवायचे, अंगातली सगळी रग मंचावर ओतायची. अशा बँडचे लोक चाळिशी-पन्नाशी ओलांडून पुन्हा मंचावर आले की श्रोते जुनी गाणी मागतात. नवं गाणं सुरू झालं की पाणी प्यायला उठतात. जगभरातल्या जुन्या बँडना हा अनुभव आहे, आणि बहुतेक जण शेवटी लोकांना हवं ते देऊन मोकळे होतात.

मुंबईच्या ‘इंडस क्रीड’ या बँडने २०१२ मध्ये तसं केलं नाही. त्यांनी नव्या आठ गाण्यांचा अख्खा अल्बम काढला. नाव ‘इव्हॉल्व्ह’. त्यांचा आधीचा अल्बम १९९५ सालचा होता. मधे सतरा वर्षं गेली होती. इंग्रजीत गाणाऱ्या भारतीय रॉक बँडला आपल्या देशात बाजार म्हणावा असा बाजार कधीच नव्हता. तरीही हा अल्बम निघाला, आणि तो महाराष्ट्रात झालेल्या रॉकमधल्या सगळ्यात विचारपूर्वक केलेल्या कामांपैकी एक आहे.

हार्ड रॉक म्हणजे नुसता गोंगाट, हा समज लातूर-नांदेडात जितका आहे तितकाच पुण्या-मुंबईतही आहे. तो दूर व्हायला हा आवाज तयार कसा होतो ते पाहावं लागतं. इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली चुंबक आणि बारीक तांब्याच्या तारेची गुंडाळी असते. तार कंप पावली की त्या गुंडाळीत विजेचा अगदी क्षीण प्रवाह तयार होतो आणि अ‍ॅम्प्लिफायर तो मोठा करतो. सुरुवातीच्या काळात अ‍ॅम्प्लिफायर त्याच्या कुवतीपेक्षा जास्त चढवला की विजेच्या लहरींचे शेंडे कापले जायचे आणि मूळ स्वराबरोबर कितीतरी उपस्वर उमटायचे. आवाज जाड, खरखरीत, गुरगुरता व्हायचा. तंत्रज्ञ त्याला दोष म्हणायचे. गिटारवाल्यांना तोच आवडला आणि त्यांनी त्या दोषाचंच वाद्य केलं. या आवाजाला डिस्टॉर्शन म्हणतात.

पण असा आवाज लावून तीन-चार स्वर एकदम छेडले की सगळा चिखल होतो. म्हणून हार्ड रॉकचे गिटारवाले बहुतेक वेळा दोनच स्वर धरतात: षड्ज आणि पंचम. तानपुऱ्यावर जुळणारी हीच जोडी तिथे ‘पॉवर कॉर्ड’ होते. या जोड्यांतून बांधलेली चार-सहा मात्रांची छोटी सुरावट पुन्हा पुन्हा वाजत राहते, तिला रिफ म्हणतात. हलगीवाला एकच ठेका पक्का धरून अख्खी मिरवणूक पुढे नेतो, तसा रिफ गाणं पुढे नेतो. गायक, ड्रम, कीबोर्ड हे सगळे त्याच्या अंगाने चालतात. रिफ कमकुवत असेल तर बाकी कितीही आरडाओरडा केला तरी गाणं उभं राहत नाही.

‘रॉक मशीन’ या नावाने हा बँड १९८४ मध्ये मुंबईत सुरू झाला. संस्थापकांपैकी गिटारवादक महेश टिनईकर पुढे शेवटपर्यंत बँडचा कणा राहिला. गायक उदय बेनेगल, कीबोर्डवर झुबिन बालापोरिया, दुसऱ्या गिटारवर जयेश गांधी, बासवर मार्क सेल्विन, ड्रमवर मार्क मेनेझिस असा संच पुढे जमला. पारशी, कॅथलिक, गुजराती, कोकणाकडची माणसं एकत्र वाजवतायत, हे त्या वेळच्या मुंबईत अगदी साहजिक होतं.

तो काळ नकलेचा होता. रॉकच्या कार्यक्रमाला येणारा श्रोता परदेशी गाणी ऐकायला यायचा. बँड किती चांगला, हे तो डीप पर्पल किंवा लेड झेपेलिन किती हुबेहूब वाजवतो यावरून ठरायचं. स्वतःचं गाणं म्हटलं तर शिट्ट्या पडायच्या. परदेशी गिटार आणि अ‍ॅम्प्लिफायर आणायचे तर आयात शुल्काने कंबरडं मोडायचं, आणि रॉकचे ड्रम नीट रेकॉर्ड करण्याची सवय आपल्या स्टुडिओंना नव्हती. धोबीतलावला सेंट झेवियर्स कॉलेजशेजारी रंगभवन हे सरकारी खुलं नाट्यगृह होतं. तिथे १९८६ पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ महोत्सव भरू लागला आणि मुंबईच्या पोरांना हक्काचा मंच मिळाला. (आसपासची रुग्णालयं आणि शाळा-कॉलेजांमुळे तो भाग शांतता क्षेत्र ठरला आणि २००३ च्या सुमारास तिथले सूर थांबले. मुंबईच्या संगीताचं त्याने झालेलं नुकसान अजून भरून निघालेलं नाही.)

रॉक मशीनने या वातावरणात स्वतःची गाणी वाजवायचा हट्ट धरला. १९८८ मध्ये त्यांचा ‘रॉक अँड रोल रेनिगेड’ हा अल्बम आला, १९९० मध्ये ‘द सेकंड कमिंग’. मग देशात उपग्रह वाहिन्या आल्या. १९९१ नंतर जिल्ह्याच्या गावांमध्येही गच्च्यांवर मोठाल्या डिश दिसू लागल्या, गल्लोगल्ली केबलवाले फिरू लागले आणि एमटीव्ही घरात आलं. तोवर परदेशी रॉक पाहायला मिळणं हीच चैन होती. आता त्याच पडद्यावर मुंबईची पोरं दिसू लागली. ‘प्रिटी चाइल्ड’ या गाण्याच्या व्हिडिओला १९९३ मध्ये एमटीव्हीचा आशियातल्या प्रेक्षकांच्या पसंतीचा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी त्यांनी नाव बदलून ‘इंडस क्रीड’ केलं.

नव्या नावाचा अल्बम १९९५ मध्ये आला. ‘ट्रॅप्ड’ हे त्यातलं गाजलेलं गाणं. पहिल्या दोन अल्बमांतला परदेशी हार्ड रॉकचा साचा इथे सैल झाला होता आणि गीतं जास्त प्रौढ झाली होती. बँड आता कुठे स्वतःच्या आवाजाला आला होता.

आणि नेमकं तेव्हाच वारं फिरलं. त्याच १९९५ मध्ये अलिशा चिनॉयचा ‘मेड इन इंडिया’ आला आणि लाखांनी खपला. हिंदीत पॉप विकलं जातं हे कॅसेट कंपन्यांना कळलं. मग इंग्रजीत गाणाऱ्या रॉक बँडवर पैसा कोण लावणार? वाहिन्यांनीही हिंदीची कास धरली. यात कुणी कट केला नव्हता. देशातल्या बहुसंख्य लोकांना स्वतःच्या भाषेत गाणं हवं असणं अगदी रास्त होतं. पण जे पाच-सहा जण दहा-बारा वर्षं दुसरं काही न करता हेच करत होते, त्यांच्या पायाखालची जमीन सरकली. १९९७ मध्ये इंडस क्रीड थांबला. उदय बेनेगल आणि जयेश गांधी न्यू यॉर्कला गेले आणि तिथे त्यांनी ‘आम्स फॉर शांती’ हा वेगळ्या धाटणीचा बँड काढला. बाकीचे आपापल्या वाटेने गेले.

बँड फुटला की तो पुन्हा जमेलही, पण पुन्हा नवं काही करेल याची शक्यता फार थोडी. त्याचं मोठं कारण शरीर आहे. वयाबरोबर स्वरतंतू ताठर होतात, वरचे स्वर निसटू लागतात. डीप पर्पलचा गायक इयान गिलन याने १९७० च्या ‘चाइल्ड इन टाइम’मध्ये ज्या किंकाळ्या मारल्या त्या ऐकून गायकांच्या कितीतरी पिढ्यांनी घसे बसवून घेतले. खुद्द गिलनने ते गाणं २००२ नंतर मंचावर म्हणणं सोडून दिलं. कित्येक जुने बँड गिटारच्या तारा अर्ध्या स्वराने खाली उतरवतात, गायकाला सोपं जावं म्हणून. श्रोत्यांच्या ते लक्षातही येत नाही. डीप पर्पलने वेगळी वाट काढली: नवी गाणी आताच्या आवाजाला झेपतील अशीच बांधायची. २०१३ चा त्यांचा ‘नाऊ व्हॉट’ त्यांचा जुना कीबोर्डवादक जॉन लॉर्ड याला अर्पण केलेला होता; तो आदल्याच वर्षी गेला होता. त्यानंतर २०१७, २०२०, २०२१, २०२४ असे त्यांचे अल्बम येतच राहिले. पंच्याहत्तरी उलटल्यावरही गिलन नव्या गाण्यांसाठी माइकसमोर उभा राहिला.

ब्लॅक सबाथ या बँडचा गिटारवादक टोनी आयोमी याची गोष्ट तर प्रत्येक गिटार शिकणाऱ्या मुलाला सांगावी अशी आहे. बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात कामाचा शेवटचा दिवस. वय सतरा. यंत्रात उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. आयोमी डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका उजवा. डॉक्टरांनी गिटार विसरायला सांगितलं. कारखान्यातल्या मुकादमाने त्याला जँगो राइनहार्टची तबकडी ऐकवली. आगीत दोन बोटं निकामी झालेला हा वादक उरलेल्या बोटांवर जगप्रसिद्ध झाला होता. आयोमीने भांडी घासायच्या द्रवसाबणाची प्लॅस्टिकची बाटली वितळवली, तिच्या टोप्या करून बोटांवर बसवल्या, पकड यावी म्हणून वर चामड्याचे तुकडे चिकटवले. तारा हलक्या घेतल्या, पुढे त्या सैल करून स्वर खाली उतरवला. जड, अंधारा, खोल असा जो आवाज पुढे हेवी मेटलची ओळख ठरला, त्यात या दुखावलेल्या बोटांचा मोठा वाटा आहे.

हाच आयोमी २०१२ मध्ये कर्करोगाचे उपचार घेत होता. बँडचा मूळ गायक ऑझी ऑस्बोर्न याच्याबरोबरचा शेवटचा स्टुडिओ अल्बम १९७८ चा. उपचारांच्या वेळापत्रकातून वेळ काढत नवा अल्बम रेकॉर्ड झाला आणि ‘थर्टीन’ या नावाने जून २०१३ मध्ये आला. ब्रिटनमध्ये तो पहिल्या क्रमांकावर गेला; त्याआधी हा मान त्यांना १९७० मध्ये मिळाला होता. अमेरिकेत तर आयुष्यात पहिल्यांदाच. एसी/डीसी या बँडने २०२० मध्ये ‘पॉवर अप’ काढला तेव्हा बँडचा पाया घालणारा माल्कम यंग जाऊन तीन वर्षं झाली होती. त्याचा धाकटा भाऊ अँगस याने दोघांनी मिळून जमवलेल्या जुन्या सुरावटींतून गाणी उभी केली आणि प्रत्येक गाण्याखाली माल्कमचं नाव घातलं.

पण या सगळ्यांमागे मोठ्या कंपन्या होत्या, जगभर पसरलेले कोट्यवधी चाहते होते. इंडस क्रीडमागे यातलं काहीच नव्हतं. म्हणून ‘इव्हॉल्व्ह’चं मोल वेगळं धरायला हवं.

उदय बेनेगल काही वर्षांनी मुंबईला परतला. महेश टिनईकर आणि तो ‘व्हर्लिंग कलापाज’ या नावाने अकूस्टिक गिटारवर, कमी आवाजात, छोट्या जागांत वाजवू लागले. त्यातून २०१० मध्ये इंडस क्रीड पुन्हा उभा राहिला. जुन्यांपैकी तिघे होते: उदय, महेश आणि झुबिन. जयेश गांधी, मार्क सेल्विन, मार्क मेनेझिस या संचात नव्हते. बासवर रशाद मिस्त्री आणि ड्रमवर जय राव कवी आले. हे दोघे एका पिढीने लहान.

तेव्हा सोपी वाट समोरच होती. देशात रॉकला पुन्हा बरे दिवस येत होते. २००७ मध्ये आयर्न मेडन, २०११ मध्ये मेटॅलिका बंगळूरला येऊन गेले होते. पुण्यात २०१० पासून ‘एनएच सेव्हन वीकेंडर’ महोत्सव सुरू झाला होता. कंपन्यांना अशा कार्यक्रमांवर नाव लावायचं होतं. नव्वदच्या दशकात कॉलेजात असलेली पिढी आता कमावती होती. ‘प्रिटी चाइल्ड’, ‘ट्रॅप्ड’ आणि आणखी चार-दोन जुनी गाणी वाजवत बँडने पाच-सात वर्षं सहज काढली असती. कुणी नावंही ठेवली नसती. त्याऐवजी हे पाच जण नवी गाणी बांधायला बसले.

स्टुडिओ अल्बम हे मैफलीपेक्षा वेगळं काम आहे. मैफलीत एखादा स्वर घसरला तर तो हवेत विरून जातो. रेकॉर्डिंगमध्ये तो कायमचा राहतो. प्रत्येक वाद्य, ड्रमच्या संचातला प्रत्येक भागसुद्धा, वेगवेगळ्या ट्रॅकवर टिपला जातो. एकाच गिटारवादकाचे चार-चार थर एकावर एक चढवता येतात. हे सगळं एकत्र आणून कुणाला पुढे ठेवायचं, कुणाला मागे, कुठे मोकळी जागा सोडायची हे ठरवणं म्हणजे मिक्सिंग. हिंदी चित्रपटगीतांत गायकाचा आवाज सगळ्यांच्या वर तरंगतो. रॉकमध्ये तो वाद्यांच्या मधे, त्यांच्याशी झगडत उभा असतो, आणि तो तोल साधणारा कान आपल्याकडे फार कमी जणांना लाभला होता. ‘इव्हॉल्व्ह’चं मिक्सिंग टिम पामर या ब्रिटिश तंत्रज्ञाने केलं. अमेरिकन बँड पर्ल जॅमचा १९९१ चा विख्यात ‘टेन’ अल्बम त्यानेच मिक्स केला होता. स्वतंत्र भारतीय बँडसाठी ही पैशाची आणि हिमतीची गोष्ट होती.

अल्बम ऐकला की पहिल्यांदा जाणवतं ते हे की यात जुन्या यशाची उजळणी नाही. १९९५ चा बँड सुटसुटीत, पटकन ओठांवर बसणाऱ्या धुनांचा होता. इथे गाणी मोठी आहेत, मधेच वळतात, लय बदलतात, पुन्हा मूळ रिफवर येतात. जाणकार याला प्रोग्रेसिव्ह रॉककडचा कल म्हणतील. ‘फायरफ्लाइज’, ‘डिझॉल्व्ह’, ‘नो डिस्ग्रेस’, ‘द मनी’ ही नावंच पाहा. विशीतल्या पोरांची बंडखोरी इथे संपलेली आहे. काय निसटून गेलं आणि काय उरलं, याचा हिशेब चाळिशी ओलांडलेली माणसं मांडतायत असं वाटत राहतं.

महेश टिनईकरचं काम इथे नीट ऐकण्यासारखं आहे. जुन्या संचात दोन गिटारवाले होते. आता मुख्य गिटारचा सगळा भार त्याच्यावर आला. बोटं किती वेगाने पळतात हे दाखवायची त्याला गरज उरलेली नाही. रिफ जड आहेत, पण त्यांच्यामधे तो जागा सोडतो आणि त्या जागेत झुबिनचा कीबोर्ड शिरतो. उदयचा आवाज १९८८ च्या उदयची नक्कल करायला जात नाही; शब्द जास्त तोलून येतात. जय राव कवीचे ड्रम मात्र तरण्या अंगाचे आहेत, आणि तिथेच हा अल्बम जिंकतो. पिकलेल्या माणसांना शेजारी तरुण वादक बसवून त्याच्या चालीने चालावं लागलं, आणि ती ओढाताण गाण्यांतून ऐकू येते. सगळीच गाणी सारखी उतरलेली नाहीत. एक-दोन ठिकाणी लांबी जास्त झाली आहे, आणि पहिल्याच ऐकण्यात मनात बसेल अशी धून हवी असणाऱ्याला तीन-चार वेळा ऐकावं लागेल. तरी पाचही जणांनी जीव ओतून केलेलं हे काम आहे, यात शंका नाही.

हा अल्बम निघाला तो काळही अडनिडा. कॅसेट संपली होती, सीडीची दुकानं एकेक करून मोबाइलची दुकानं होत होती, आणि फोनवर हवं ते गाणं लगेच ऐकायची सवय अजून लागायची होती. स्पॉटिफाय भारतात यायला २०१९ उजाडलं. त्यामुळे २०१२ मध्ये हा अल्बम मुंबई, पुणे, बंगळूर, दिल्ली सोडून फारसा कुठे पोचला नाही. लातूरच्या एखाद्या मुलाला तो तेव्हा हवा असता, तर पुण्यात शिकणाऱ्या भावाला सांगण्यापलीकडे फार पर्याय नव्हते.

आज ती अडचण नाही. लातूर आणि नांदेडच्या शिकवण्यांच्या गल्ल्यांमध्ये, भाड्याच्या खोल्यांत राहून नीट-जेईईचा अभ्यास करणाऱ्या हजारो मुलामुलींच्या कानात इयरफोन असतात. त्यांच्यापैकी कुणी मेटॅलिका ऐकतं, कुणी लिंकिन पार्क. आपल्याच राज्यात असं काम झालंय हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. विद्यापीठांच्या युवक महोत्सवांत शास्त्रीय गायन, पोवाडा, लोकनृत्य यांच्या जोडीला पाश्चात्य गायन आणि पाश्चात्य वाद्यवादन याही स्पर्धा असतात. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेत नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली हे चार जिल्हे येतात. इथल्या मुलांनी या प्रकारात उतरताना परदेशी गाणंच निवडायला पाहिजे असं कुठे आहे? ‘ट्रॅप्ड’ किंवा ‘नो डिस्ग्रेस’ बसवता येईल, आणि परीक्षकांपैकी निदान एकजण चमकून वर पाहील. त्याच्याही पुढे जाऊन स्वतःचं गाणं, हवं तर मराठीत, बांधता येईल. रॉक मशीनने शिट्ट्या खात जे मिळवलं, ते हेच होतं.

कुणाला ऐकायचंच असेल तर क्रम असा ठेवावा. आधी रॉक मशीनच्या काळातलं ‘टॉप ऑफ द रॉक’, म्हणजे विशीतली रग कशी होती ते कळेल. मग ‘प्रिटी चाइल्ड’ आणि ‘ट्रॅप्ड’. त्यानंतर ‘इव्हॉल्व्ह’ सलग, मधली गाणी न वगळता. फोनच्या स्पीकरवर मात्र ऐकू नये. त्यावर बास गिटार जवळजवळ ऐकूच येत नाही, आणि या अल्बमचा निम्मा जोर रशाद मिस्त्रीच्या बासमध्ये आहे.